निर्वासित मुलांची कॉलेजची फी : बेळगाव-कारवार भागात पैसे कसे उभे करायचे

थंडी पडली की बेळगावात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. आपण दरवर्षी त्यांच्याकडून स्वेटर घेतो, कानटोपी घेतो, भाव करतो आणि थंडी सरली की विसरून जातो. त्यांची मुलं कुठं शिकतात, फी कशी भरतात, हे मलाही कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपचं टेबल सांभाळत होतो. एका जूनमध्ये मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतली एक मुलगी आईला घेऊन खिडकीशी आली. बारावीला उत्तम मार्क. जातीचा दाखला नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, हातात फक्त पोलीस खात्याचं नोंदणी पुस्तक. मी राज्य सरकारचं स्कॉलरशिप पोर्टल उघडलं, दोन रकाने भरले आणि अडकलो. ‘तुम्हाला काही मिळत नाही’ असं सांगून मी त्या मायलेकींना परत पाठवलं.

माझं ते सांगणं चुकीचं होतं. तिला मिळण्यासारखं बरंच काही होतं, पण त्याचे अर्ज माझ्या टेबलावरून जात नव्हते. पुढच्या काही वर्षांत मी विचारत, चुकत, फोन करत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. कॉलेजचे क्लार्क, शिक्षक, खोली भाड्याने देणारे घरमालक, गल्लीतली मंडळं आणि मराठी वाचता येणारी ही मुलं स्वतः, या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. सीमाभागातल्या माणसाला हे लवकर कळावं. आपल्या ८६५ गावांतली मुलं महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला अर्ज करतात तेव्हा वादग्रस्त सीमाभागात शिकल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडतात. एका कागदाने वर्ष तरतं किंवा बुडतं, हे आपल्या घरांत पाहिलेलं आहे.

पहिलं काम : हातात कोणता कागद आहे ते पाहा

पैशांची चौकशी यानंतर. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा असा एक कायदाही नाही. म्हणून ‘निर्वासित विद्यार्थी’ अशी चौकट कुठल्याच सरकारी फॉर्मवर सापडत नाही. सगळं ठरतं ते हातातल्या कागदावर. आपल्या भागात जे कागद दिसू शकतात ते असे.

पोलिसांकडच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाने दिलेलं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, ज्याला सगळे ‘आरसी’ म्हणतात, ते असेल तर मुलगा तिबेटी. मुंडगोडची वसाहत १९६६ ची, उत्तर कन्नड जिल्ह्यातली, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या कारवार जिल्ह्यातली. हुबळीहून साधारण ५० किलोमीटर. कर्नाटकात अशा पाच वसाहती आहेत : बैलकुप्पेला दोन, हुणसूर, कोळ्ळेगाळ आणि मुंडगोड. आपल्याकडे येणारी बहुतेक मुलं मुंडगोडची.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, यूएनएचसीआरचं, कार्ड असेल तर मुलगा अफगाण, म्यानमारचा, सोमाली किंवा अशाच दुसऱ्या देशाचा. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ यांचं काम भारत सरकार स्वतः पाहतं. बाकीच्यांची नोंदणी ही संस्था करते. श्रीलंकन तमिळ कुटुंबं मुख्यतः तमिळनाडूतल्या छावण्यांत आहेत आणि त्यांना मदतही तिथल्या सरकारकडून मिळते.

तिसरा कागद लाँग टर्म व्हिसा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती कुटुंबांकडे तो असतो. अशा मुलाला कॉलेजात प्रवेश घेता येतो. ही कुटुंबं ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेली असतील तर नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली अर्ज करू शकतात. त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. अर्ज मंजूर झाला की मूल नागरिक, आणि मग पुढचं सगळं तुमच्या-आमच्या मुलांसारखं. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ या कायद्यात येत नाहीत.

चौथी मुलं कागदावर निर्वासित नसतातच. स्टुडंट व्हिसावर शिकायला आलेली असतात आणि मागे त्यांचा देश कोसळतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा कर्नाटकातल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या अफगाण मुलांवर हीच वेळ आली. घरून येणारे पैसे बंद, व्हिसाची मुदत संपत आलेली, परत जायला जागा नाही.

दुसरं काम : फाईल करा

एक साधी प्लास्टिकची फाईल घ्या आणि तीत हे ठेवा : ओळखीचा मूळ कागद आणि त्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, नूतनीकरणाच्या शिक्क्याचं पान वेगळं; जन्मदाखला; दहावी-बारावीची मार्क्स कार्डं; टीसी; मायग्रेशन सर्टिफिकेट; आईवडिलांच्या ओळखीचे कागद; कॉलेजचं बोनाफाईड; फीचा तपशील कॉलेजच्या लेटरहेडवर; बँक पासबुकाचं पहिलं पान.

फीचा तपशील लेटरहेडवर हवा, हे मी मुद्दाम सांगतो. स्कॉलरशिप देणारी कुठलीही संस्था ‘वर्षाला अमुक लागतात’ एवढ्यावर विश्वास ठेवत नाही. ट्यूशन फी, परीक्षा फी, लायब्ररी, हॉस्टेल अशा वेगळ्या ओळी, खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का. क्लार्कबंधूंनो, हा कागद द्यायला दहा मिनिटं लागतात. मूल मुंडगोडहून बस बदलत आलेलं असतं. त्याला ‘उद्या ये’ म्हणू नका.

सगळ्या कागदांवरचं नाव जुळतं का ते पाहा. तिबेटी नावांत आडनाव नसतं. फॉर्मला मात्र आडनाव हवं असतं. मग शाळा एक लिहिते, आरसीवर दुसरं, आधारवर तिसरंच. जन्मतारखेचंही तसंच. फरक असेल तर प्रवेशाआधी नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. स्कॉलरशिप मंजूर झाल्यावर नावात अक्षर चुकलं म्हणून पैसे परत गेले, की ते आणताना वर्ष जातं.

सीबीएसईतून बारावी झालेल्या मुलाला आपल्याकडच्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागू शकतं. राणी चन्नम्मा विद्यापीठ असो की धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या. परदेशी बोर्डातून बारावी झालेली असेल तर समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे ती इथल्या बारावीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, काढावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते सगळ्यात आधी.

आधारबद्दल. आधार रहिवाशाला मिळतं, त्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही. तिबेटी मुलांकडे आधार असतं आणि त्यावर बँक खातं उघडतं. नुसत्या यूएनएचसीआरच्या कार्डावर मात्र आधार मिळत नाही आणि खात्याचीही अडचण येते. अशा मुलासाठी देणगीदाराने पैसे थेट कॉलेजच्या खात्यात फी म्हणून भरावेत आणि पावती मुलाच्या नावाची घ्यावी.

जिथे वेळ घालवू नये

राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवरची पोस्ट-मॅट्रिक, मागासवर्गीय मुलांना राहण्या-जेवणासाठी असलेली विद्यासिरी, शेतकऱ्यांच्या मुलांची रयत विद्यानिधी, केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरच्या योजना, या सगळ्या नागरिक विद्यार्थ्यांसाठी आहेत. नाडकचेरीतून, म्हणजे गावपातळीवरच्या महसूल कार्यालयातून, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मिळाल्याशिवाय त्यातल्या बहुतेकांचा अर्ज पुढे सरकत नाही. बँकांचं शैक्षणिक कर्ज आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी यांचीही अट तीच. आरसीवर हे अर्ज भरत बसलात तर जून-जुलै हातचा जाईल, आणि नेमकं त्याच काळात बाकीचे अर्ज निघालेले असतात. माझ्या हातून हे झालेलं आहे.

मात्र मूल खरंच ‘नागरिक नाही’ का, हे एकदा नीट तपासा. हा भाग सावकाश वाचा.

जन्मतारखांचं गणित

नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्माने भारताचा नागरिक आहे, आईवडील कुठलेही असोत. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा.

आता मुंडगोडच्या मुलीचं पाहू. समजा तिचा जन्म २००७ चा, हुबळीच्या दवाखान्यात. वडील १९७८ साली वसाहतीतच जन्मले. म्हणजे ते कायद्याने नागरिक, भले आयुष्यभर आरसी बाळगून असोत. आई १९९२ साली तिबेटातून आली, तिची रीतसर नोंद आहे. मग ही मुलगीही कायद्याने नागरिक ठरू शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली भारतात जन्मलेल्या तिबेटींच्या बाजूने निकाल दिले आहेत. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने १९५० ते १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटींची नावं मतदार यादीत घ्यायलाही सांगितलं.

मग लगेच पासपोर्टचा अर्ज करावा का? इथे घाई करू नका. २०१७ मध्ये केंद्राने तिबेटींना भारतीय पासपोर्ट देताना अटी घातल्या : आरसी आणि प्रवासासाठीचं ओळखपत्र रद्द करून घ्यायचं, तिबेटी वसाहतीत राहायचं नाही, हिमाचलातल्या धर्मशाळेहून चालणाऱ्या तिबेटी प्रशासनाच्या सवलती घ्यायच्या नाहीत. म्हणजे सरकारी स्कॉलरशिपसाठी आणि बँकेच्या कर्जासाठी दार उघडतं, आणि घराचं दार, आजीआजोबांचं गाव, धर्मशाळेहून येणारी स्कॉलरशिप यांवर पाणी सोडावं लागू शकतं. शिवाय कित्येकांच्या मनात आणखी एक गोष्ट असते : आपण परत जाणार आहोत, आपली ओळख ती आहे. दोन हजारांच्या स्कॉलरशिपसाठी कुणाला असला सल्ला देऊ नये. मी दोन्ही प्रकारची घरं पाहिली आहेत आणि दोन्ही घरांचा निर्णय मला बरोबर वाटला. तुमचं काम एवढंच, की दोन्ही बाजूंचा हिशेब कुटुंबापुढे मांडायचा, नागरिकत्वाच्या प्रकरणांत मुरलेल्या वकिलाशी गाठ घालून द्यायची आणि ते ठरवतील ते मान्य करायचं.

निर्णय नागरिकत्वाच्या बाजूने झाला आणि कागद हाती आला, तर केंद्राच्या सेंट्रल सेक्टर योजनेकडे आधी बघा. बारावीत आपापल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलाला पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये मिळतात. तिला जातीचा दाखला लागत नाही.

तिबेटी मुलांचा खरा रस्ता

आरसी ठेवून शिकायचं असेल तर पहिला दरवाजा धर्मशाळेच्या केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या शिक्षण विभागाचा. बारावीचे निकाल लागले की पदवी आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्यांच्या स्कॉलरशिपची जाहिरात निघते. मार्क आणि घरची गरज, दोन्ही बघतात. काही संस्थांत तिबेटी मुलांसाठी राखून ठेवलेल्या जागांची माहितीही तिथूनच मिळते. मुदत न संपलेली आरसी लागते आणि ‘ग्रीन बुक’ लागतं. ग्रीन बुक म्हणजे तिबेटी प्रशासनाकडे दरवर्षी ऐच्छिक वर्गणी भरल्याची नोंद असलेली पुस्तिका. बऱ्याच घरांत ती दोन-तीन वर्षं भरलेली नसते आणि ते कळतं अर्जाच्या शेवटच्या दिवशी. म्हणून बारावीची परीक्षा संपल्यावर, निकालाची वाट न बघता, ती पूर्ण करून ठेवायला सांगा.

प्रत्येक वसाहतीत सेटलमेंट ऑफिस असतं. शिफारसपत्र, घरच्या परिस्थितीचा दाखला, अर्जाची तारीख, सगळं तिथे मिळतं. आपल्याकडे नाडकचेरीचं जे काम, ते तिथे सेटलमेंट ऑफिसचं, असं समजा. तुमच्या कॉलेजात दोन-चार तिबेटी मुलं असतील तर त्या ऑफिसाचा फोन क्रमांक टेबलाच्या काचेखाली ठेवा.

फी कोणत्या रकान्यात लावतात ते इथे बघायचं. काही ठिकाणी आरसी पाहिली की मुलाला सरळ परदेशी विद्यार्थ्यांच्या कोट्यात टाकतात, आणि फी कितीतरी पट होते. इथे जन्मलेल्या, इथल्याच शाळेत शिकलेल्या, स्वेटर विकणाऱ्या बाईच्या मुलीला डॉलरवाल्याची फी लावणं हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारचं २०१४ चं तिबेटी पुनर्वसन धोरण आहे. त्यात राज्य सरकारांनी तिबेटींना कल्याणकारी सवलतींचा लाभ द्यावा, असं म्हटलं आहे, आणि कोणताही व्यवसाय-धंदा करण्याची मुभाही आहे. त्या धोरणाची प्रत जोडून प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या कुलसचिवांना एक पानी अर्ज द्या : विद्यार्थिनी भारतात जन्मली, शिक्षण अमुक शाळेत, परदेशातून कसलंही उत्पन्न नाही, फी सर्वसाधारण विद्यार्थ्याप्रमाणे आकारावी. स्कॉलरशिपने भरून निघतात त्यापेक्षा जास्त पैसे कधी कधी या एका अर्जाने वाचतात.

बेंगळुरूजवळ शेषगिरीहळ्ळीला तिबेटी मुलांसाठी दलाई लामा उच्च शिक्षण संस्था आहे, निवासी, २००९ पासूनची. बेळगावात खोली घेऊन राहणं झेपत नसेल तर तिचाही विचार व्हावा. पदवीनंतर पुढे शिकायचं असेल तर दलाई लामा ट्रस्टची पदव्युत्तर स्कॉलरशिप आहे.

यूएनएचसीआरचं कार्ड असेल तर

या मुलांसाठी सगळ्यात मोठा आधार ‘डाफी’ स्कॉलरशिपचा. १९९२ पासून चालू आहे, मुख्य पैसा जर्मनीचा, चालवते यूएनएचसीआर. निर्वासित मुलाने ज्या देशात आश्रय घेतला आहे तिथल्याच कॉलेजात पहिली पदवी घ्यावी, हा तिचा हेतू. फी, पुस्तकं, राहणं, जेवण, प्रवास असं सगळं त्यात धरलेलं असतं. जागा कमी आणि मागणारे पुष्कळ. २०२३ मध्ये जगभरातल्या निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणापर्यंत पोचलेले फक्त ७ टक्के होते, हे यूएनएचसीआरचेच आकडे. २०३० पर्यंत ते १५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे.

अर्ज दिल्लीच्या कार्यालयामार्फत आणि त्यांच्या सहयोगी संस्थेमार्फत होतो. मुलाखत असते. ‘पुढे काय करणार?’ या प्रश्नावर मुलं ‘समाजसेवा’ असं गुळगुळीत उत्तर देतात. त्याऐवजी आधी केलेलं एखादं खरं काम सांगायला शिकवा : शेजारच्या मुलांची शिकवणी, दवाखान्यात आपल्या लोकांसाठी केलेला दुभाषेपणा, घरातल्या धाकट्यांना सांभाळून काढलेले मार्क.

कागद फारच अपुरे असतील तर ‘युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल’ हे अमेरिकेतलं ऑनलाईन विद्यापीठ आहे. शिकवण्याची फी नाही, परीक्षेमागे शुल्क असतं, आणि निर्वासितांना त्यातही स्कॉलरशिप मिळू शकते. पण त्या पदवीवर इथे एम.ए.ला किंवा नोकरीला चालेल का, हे आधी विचारून मगच त्यात वर्षं घाला.

स्टुडंट व्हिसावरच्या मुलांसाठी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची, म्हणजे आयसीसीआरची, स्कॉलरशिप आहे. फीशिवाय पदवीच्या विद्यार्थ्याला महिना १८,००० आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये असा भत्ता. ज्यांची चालू आहे त्यांनी व्हिसाची मुदत आणि दरवर्षीची प्रगती यांवर डोळा ठेवायचा. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षाने महिनाभर आधी आठवण करून द्यावी. एकटं पोरगं परक्या मुलखात तारखा विसरतं.

आणि एक सूचना कळकळीने. स्टुडंट व्हिसावर पगारी काम करता येत नाही. कीव येऊन तुम्ही एखाद्या अफगाण मुलाला खडेबाजारच्या दुकानात संध्याकाळचं काम दिलंत, तर त्याचं इथलं राहणंच धोक्यात येतं. मदत करायची तर फी भरा, जेवणाचा डबा लावून द्या, पगार देऊ नका. तिबेटी मुलांचं तसं नाही. सुट्टीत ती काम करू शकतात आणि करतातही.

गावातला पैसा

बाहेरच्या स्कॉलरशिपने सगळं कधीच भागत नाही. राहिलेली दरी गावातच भरते. हिशेब कसा मांडायचा ते दाखवतो. आकडे नुसते समजण्यासाठी घेतले आहेत. समजा बी.कॉम.ची वर्षाची फी १८,०००. खोली आणि जेवण महिना ६,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ६५,०००. पुस्तकं, झेरॉक्स, परीक्षा मिळून ७,०००. घरी येणं-जाणं ५,०००. एकूण ९५,०००. स्कॉलरशिप ४०,००० मिळाली, घरून ३०,००० येतात. उरले २५,०००. आता ‘गरीब मुलीला मदत करा’ असं न म्हणता, तीन दारांवर तीन वेगळे आकडे न्यायचे. कॉलेजच्या गरीब विद्यार्थी निधीतून ६,००० ची फीसवलत, वसतिगृहाकडून १२,००० ची सूट, आणि ७,००० पुस्तकं-परीक्षेसाठी एखाद्या रोटरी क्लबकडून किंवा मंडळाकडून. माणूस नेमक्या आकड्याला हो म्हणतो. ‘जमेल ते द्या’ म्हटलं की पाचशेची नोट निघते आणि विषय संपतो.

वसतिगृहांकडे मुद्दाम जा. आपल्या सगळ्या पट्ट्यात समाजासमाजांची बोर्डिंगं आहेत. ही राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून घालून दिलेली वाट. बोर्डिंग एका समाजाचं असलं तरी विश्वस्तांना गरजू मुलासाठी एखादी खाट देता येते. मी विचारलं आणि मिळालीही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित होते, १९४३ पासून १९४८ पर्यंत. पंचगंगेकाठी त्यांच्या मुलांच्या शाळा भरत होत्या. पुढे तीच जागा सिंध सोडून आलेल्यांचं गांधीनगर झाली, आणि आज अवघा सीमाभाग तिथे लग्नाचं कापड घ्यायला जातो. विश्वस्त मंडळी खळखळ करू लागली की मी त्यांना वळिवड्याची आठवण देतो.

खोली देणाऱ्या घरमालकांनी आणि हॉस्टेलांनी परदेशी म्हणून नोंद असलेल्या मुलाची माहिती २४ तासांत परदेशी नोंदणी कार्यालयाला कळवायची असते. ऑनलाईन होतं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा लागू झाला, पण घरमालकाची ही जबाबदारी कायम आहे. याला घाबरून खोली नाकारू नका. काम पंधरा मिनिटांचं आहे, आणि नोंद झाली की मुलालाही बेळगावच्या पत्त्याचा पुरावा मिळतो.

परदेशातल्या नातेवाइकाचे पैसे

कितीतरी तिबेटी घरांत कुणीतरी अमेरिकेत, कॅनडात, स्वित्झर्लंडमध्ये असतं. परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा परकीय योगदान कायदा नातेवाइकांकडून आलेल्या पैशाला आडवा येत नाही. वर्षाला दहा लाखांच्या वर गेलं तरच सरकारला कळवावं लागतं. पण या कायद्यात नातेवाईक म्हणजे आईवडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको, मुलं-सुना-जावई. मामा, काका, आत्या त्यात नाहीत. मामा पैसे पाठवणार असेल तर बहिणीला, म्हणजे मुलीच्या आईला पाठवू दे, कारण तो तिचा सख्खा भाऊ आहे. किंवा कॉलेजची फी थेट कॉलेजला भरू दे. परदेशी विद्यार्थ्याची फी ‘परकीय योगदान’ धरली जात नाही. तुमच्या मंडळाने किंवा ट्रस्टने मात्र परवाना नसताना परदेशातून देणगी म्हणून एक रुपयाही घेऊ नये. भलं करायला जाऊन ट्रस्टचं खातं गोठतं.

नकार आला तर

तोंडी नकार घेऊ नका. ‘नियमात बसत नाही’ म्हणणाऱ्याला कोणता नियम, कोणतं परिपत्रक, हे लेखी मागा. लेखी मागितलं की निम्मे नकार विरघळतात. उरलेल्यांसाठी माहितीचा अधिकार आहे, आणि इथे तुमची गरज लागते. त्या कायद्याखाली अर्ज फक्त भारताच्या नागरिकाला करता येतो. आरसीवाल्या किंवा कार्डवाल्या मुलाला तो हक्क नाही, तुम्हाला आहे. तुमच्या नावाने अर्ज करा. मुलाचं प्रकरण विचारू नका, ते खासगी माहिती म्हणून नाकारतील. विद्यापीठाला असं विचारा : भारतात जन्मलेल्या आणि आरसी असलेल्या विद्यार्थ्याला कोणत्या वर्गाची फी लावावी, याबद्दलच्या परिपत्रकाची प्रत द्यावी. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. राज्य सरकारी विद्यापीठाकडे अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत करा. परिपत्रक असेल तर हाती येतं. ‘असं परिपत्रक उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर ते आणखी उपयोगी : तीच प्रत जोडून प्राचार्यांकडे पुन्हा जा आणि जादा फी कशाच्या आधारावर लावली ते विचारा.

दुसऱ्या वर्षी यातलं बरंचसं परत करायचं असतं. मार्क्स कार्ड आल्याच्या आठवड्यातच नूतनीकरणाचा अर्ज, बोनाफाईड नवं, आरसीची मुदत तपासलेली, ग्रीन बुक भरलेलं, फाईल तीच. मी जिला परत पाठवलं होतं, ती मुलगी दुसऱ्या वर्षी धारवाडला शिकते आहे, हे तिच्या आईने मला स्टॉलवर सांगितलं, आणि धाकट्या भावाचे कागद कधी आणू, असं विचारलं. मी म्हटलं, बारावीच्या परीक्षेचं हॉलतिकीट मिळालं की लगेच या.